छायाचित्राची पाठ
(महोत्सवानिमित्त घेतलेल्या विद्यार्थ्यांच्या छायाचित्रस्पर्धेच्या बक्षीस समारंभात केलेले भाषण)



परीक्षकाचे काम मजकडे आले ते मला छायाचित्रकला कळते म्हणून नव्हे. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकविला. प्रकाश व छाया यांचे गणित मला ठाऊक नाही. स्पर्धेचा विषय 'आमचे रोजचे जीवन' असा ठरला आणि त्यास 'चालताबोलता इतिहास' अशी जोड मिळाली, तेव्हा इतिहासाच्या मास्तरास बोलावणे ओघानेच आले असावे. शिरूरपासून दौंडपर्यंत पसरलेल्या आपल्या घरांतून मुलामुलींनी पाठविलेली छायाचित्रे मी तीन दिवस संध्याकाळी टेबलावर मांडून पाहत बसलो. त्या तीन संध्याकाळी काय पाहिले व काय पाहावयास मिळाले नाही, हेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम एक तक्रार करून मोकळा होतो. भीमेच्या पुलावरील सूर्यास्त फार आले. सूर्य रोज मावळतो, सबब तो रोजच्या जीवनात मोडतो, असा युक्तिवाद एका चिरंजीवांनी मजपुढे केला. युक्तिवाद बिनतोड आहे, पण त्यास बक्षीस नाही. नाताळचे गोठे, वेदीवरील फुलांची आरास आणि सणाच्या मिरवणुकीतील रेशमी छत्र हीही पुष्कळ आली. ती सुंदर आहेत, परंतु ती सणाची आहेत, रोजची नव्हेत. आपल्या घरात रोज जे घडते ते छायाचित्र काढण्याजोगे नाही, ही समजूत आपल्या मनात किती खोल रुतली आहे याचीच ती साक्ष म्हणावी.

तथापि इतरही आली. पहाटेच्या धुक्यात रुळावर हातोडीचा ठोका घालून आवाज ऐकणारा दौंडचा ट्रॅकमन. गुऱ्हाळाच्या काहिलीपुढे घामाने निथळणारा गुळव्या. वेदीचे कापड गुडघ्यावर बसून इस्त्री करणारी कोणाची आई. रांजणगावच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेले कोणाचे वडील, पायांत बूट तसेच, खाटेवर आडवे झालेले, आणि डोळ्यांवर उजेड नको म्हणून त्यांच्याच मुलाने टाकलेला टॉवेल. हे शेवटचे छायाचित्र मी बराच वेळ हातात धरून बसलो. नंतर ते उलटून पाहिले. पाठ कोरी होती.

स्पर्धेच्या नियमांत एक नियम असा होता की, छायाचित्र कागदावर छापून द्यावे आणि त्याच्या पाठीवर कोणाचे, कोठले, केव्हाचे, हे लिहावे. सर्वांत अधिक मोडला गेलेला नियम हाच. काहींनी 'आजी' असे लिहिले. कोणाची आजी? 'गँगमन काका' असे लिहिले. काकांना आईबापांनी काही नाव ठेवले असेल की नाही? मुलांनो, मी रागावलो नाही. रागावण्याचा मला अधिकार नाही. तो का नाही ते सांगतो.

आपणांपैकी पुष्कळांनी फादरांच्या कचेरीतील ती जुनी तसबीर पाहिली असेल. मध्यभागी खुर्चीवर पांढऱ्या झग्यातील मिशनरी फादर, मांडीवर टोपी. त्यांच्या दोन्ही बाजूंस फेटे बांधलेले दोन मास्तर. मागे पुरुषमंडळी उभी. एका कडेस डोक्यावरून पदर घेतलेल्या बाया. पुढे जमिनीवर मांडी घालून बसलेली मुले, आणि त्या मुलांत एक असा की तो ऐन वेळी हलल्यामुळे त्यास चेहराच नाही, केवळ धूर आहे. महोत्सवाच्या निमित्ताने काच पुसण्यासाठी ती चौकट उघडली, तेव्हा पाठीवर शाईने लिहिलेला मजकूर दृष्टीस पडला. फादरांचे नाव, आणि त्यापुढे दोनच शब्द: 'व मंडळी'.

ही मंडळी मी मोजली. एक्केचाळीस आहेत. त्यांत माझी आत्या आहे, सातआठ वर्षांची, केसांना तेल चोपडलेली. आत्या म्हातारी झाल्यावर एकदा ही तसबीर आमच्या घरी आणली होती. त्या संध्याकाळी तिने प्रत्येक चेहऱ्यावर बोट ठेवीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नावे सांगितली: हा कोणाचा कोण, ही कोठे दिली, हा तापाने गेला, ह्याने रेल्वेत नाव काढले. मी समोर उत्तरपत्रिका तपासीत होतो. "सांग आत्या, ऐकतो आहे," असे म्हणत होतो, आणि खरोखर ऐकतही होतो. हातात लाल शाईचे पेन होते, समोर कागदांचा ढीग होता, धंदा इतिहासाचा होता. परंतु तिने सांगितलेले एक नाव मी लिहून घेतले नाही. पुढे आत्या ख्रिस्तवासी झाली. आज त्या एक्केचाळिसांपैकी तिघांची नावे मला सांगता येतात: तिचे, माझ्या आजोबांचे, आणि त्या धुराचे. तो मुलगा जन्मभर एका जागी बसला नाही अशी त्याची ख्याती असल्यामुळे तो तेवढा लक्षात राहिला.

याचे प्रायश्चित्त म्हणून म्हणा, फादरांच्या परवानगीने मी जुन्या स्नानसंस्काराची नोंदवही पाहिली. आपल्या ख्रिस्तसभेने एक गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ साली विवाहांची नोंदवही ठेवण्याची आज्ञा धर्मगुरूंना केली आणि स्नानसंस्काराच्या वेळी धर्ममातापित्यांची नावे वहीत लिहावी असे ठरविले. १६१४ सालच्या रोमन विधिग्रंथात या नोंदींचे नमुने दिले. आजच्या धर्मकायद्याचे ८७७वे कलमही तेच सांगते: मुलाचे नाव, आईबाप, धर्ममातापिता, संस्कार देणारा, स्थळ, दिवस, सारे लिहा, आणि विलंब न लावता लिहा. त्या वहीत साहेबाच्या मुलास एक ओळ व हमालाच्या मुलास एक ओळ. 'व मंडळी' हा शब्द त्या वहीत कोठेही नाही.

म्हणजे आपल्या धर्मग्रामाची स्थिती अशी झाली आहे की, वहीत नावे आहेत पण चेहरे नाहीत. तसबिरीत चेहरे आहेत पण नावे नाहीत. आणि या दोहोंची गाठ घालून देणारी जी म्हातारी माणसे होती, ती आपल्या आळसामुळे एकेक करून निघून जात आहेत.

आता कोणी विचारील की, हमाल, गुळव्या, इस्त्री करणारी आई यांचा इतिहासाशी संबंध काय? मी स्वतः शाळेत जो इतिहास शिकविला त्यात यांपैकी कोणी नव्हते. म्हणून आपल्याच शिरूर तालुक्यातील घोड नदीच्या काठच्या इनामगावाकडे चला. तेथील पांढरीचे उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील विद्वानांनी, डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर, डॉ. अन्सारी प्रभृतींनी, १९६८ सालापासून अनेक हंगाम केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत तेथे लोक राहत होते. काय सापडले? कोणा राजाचा लेख नाही, सिंहासन नाही. सापडल्या त्या चुली, चुलींतील राख, धान्याची पेवे, जळलेले सातूचे दाणे, कुंभाराचे घर, रंगविलेली मडकी, नदीचे पाणी वळवून आणण्यासाठी खणलेला पाट. पूर्वीच्या काळातील घरे मोठी व चौकोनी. पुढील काळातील झोपड्या लहान व गोल. त्या फरकावरून विद्वानांनी अनुमान बांधले की पाऊस कमी झाला असावा आणि लोक गरीब झाले असावेत. घराच्या आकारावरून दुष्काळ वाचता आला!

आणि आणखी एक गोष्ट. त्या घरांच्या जमिनीखाली लहान मुले पुरलेली आढळली. दोन मडकी तोंडास तोंड लावून आडवी ठेवलेली, आत ते मूल. घराबाहेर नव्हे, गावाबाहेर नव्हे; ज्या जमिनीवर आई स्वयंपाक करीत होती त्या जमिनीखाली. त्या मुलाचे नाव जगातील कोणाही विद्वानास सांगता येणार नाही. परंतु तीन हजार वर्षांपूर्वी घोडेच्या काठी एका आईने मेलेले मूल घरातच ठेवले, ही गोष्ट वाचल्यावर ज्यास काही वाटत नाही त्याने इतिहास शिकू नये. त्या आईस कोणी सांगितले असते की, बाई, तुझी चूल, तुझी राख, तुझे मडके हाच पुढे इतिहास होणार आहे, तर ती हसली असती. तुमची आजीही हसते. तिचे छायाचित्र काढावयास गेलात की ती म्हणते, "माझा कसला फोटो काढतोस? फादरांचा काढ!"

प्रभू येशू ख्रिस्ताच्या चरित्राकडे पाहावे. संत लूक काळाची खूण म्हणून कैसर औगुस्ताचे व सिरियाच्या सुभेदाराचे नाव घेतो, कथा मात्र एका गोठ्याची सांगतो. आणि नाझरेथ येथील ती सुमारे तीस वर्षे, सुतारकामाची, पाणी भरण्याची, भाकरी भाजण्याची! त्यांविषयी शुभवर्तमानांत जवळजवळ काही नाही. आपण त्यांस गुप्त जीवन म्हणतो. ते गुप्त होते म्हणून क्षुद्र होते असे म्हणावयास कोणी ख्रिस्ती धजेल काय?

आता नाव लिहिण्याचा महिमा. यासाठीही दूर जावयास नको. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटन शिरूरच्या छावणीतून सुमारे आठशे माणसे घेऊन निघाला आणि दुसऱ्या दिवशी कोरेगाव-भीमा येथे पेशव्यांच्या फौजेशी त्याची गाठ पडली, हा धडा मी किती वर्षे शिकविला! कॅप्टनाचे नाव मुलांकडून घोकून घेतले. परंतु भीमेच्या पलीकडील तीरावर पेरणे येथे जो स्तंभ उभा आहे, त्यावर कंपनीच्या बाजूने पडलेल्या साध्या शिपायांचीही नावे कोरलेली आहेत, आणि त्यांत शेवटी 'नाक' हा शब्द असलेली, म्हणजे महार शिपायांची, नावे पुष्कळ आहेत, हे मी कधी सांगितले नाही. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभापाशी गेले. आज दरवर्षी त्या दिवशी तेथे लाखो माणसे लोटतात. स्तंभावर केवळ 'कॅप्टन स्टाँटन व मंडळी' असे कोरले असते, तर कोण कशासाठी गेले असते?

याउलट एक उदाहरण. दौंडच्या मुलांस दौंड-मनमाड गाडी ठाऊक आहे. तो लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. त्याच्या आदल्या दोन वर्षांत दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ होता, आणि लोकांना मजुरी मिळावी म्हणून जी कामे काढली त्यांत या मार्गाचे मातीकामही होते. ज्या भरावावरून आज आपण नगरास जातो, त्या भरावाची पाटी-पाटी माती कोणी तरी उपाशीपोटी वाहिली आहे. त्यांचे नावही नाही व चेहराही नाही.

त्या काळी छायाचित्रे निघतच नव्हती असे मात्र नाही. १८३९ साली पॅरिस येथे दागेर यांची युक्ती जाहीर झाली. १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्थाही स्थापन झाली, आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळी नामांकित छायाचित्रकार होते. यंत्र होते. प्रश्न होता तो यंत्राचे तोंड कोणाकडे वळवावयाचे व कशा मनाने वळवावयाचे, हा. १८६८ ते १८७५ या काळात सरकारने हिंदुस्थानातील लोकांच्या छायाचित्रांचे आठ भाग प्रसिद्ध केले. त्यांत माणसे आहेत, पण बहुतेकांखाली जातीचे किंवा जमातीचे नाव आहे, माणसाचे नाव क्वचितच. फुलपाखरे टाचून ठेवावी तशी ती माणसे टाचून ठेविली आहेत. आणि त्याच १८७६-७८ च्या दुष्काळात मद्रास इलाख्यात हूपर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने भुकेने हाडांचा सापळा झालेल्या लोकांना ओळीने बसवून त्यांची छायाचित्रे काढली. चित्र काढून झाल्यावर त्यांच्या मुखात अन्न कोणी घातले, हा प्रश्न त्या काळीही विचारला गेला व पुढेही विचारला जात आहे. ती चित्रे आज पाहिली म्हणजे दुष्काळ दिसतो खरा. पण त्या माणसांना विचारले होते काय, असे आपले मन विचारीत राहते.

येथे पहिल्या बक्षिसाकडे वळतो, कारण या बक्षिसावरून आम्हां परीक्षकांत वाद झाला, आणि तो आपल्यापासून लपविण्याजोगा नाही.

दौंड तालुक्यातील एक विद्यार्थिनी उसाच्या फडाकडे गेली. बीडकडून आलेली ऊसतोड मंडळी कोप्या घालून उतरली होती. आपण जाणता की या व्यवसायात नवराबायकोच्या जोडीस 'एक कोयता' म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, हिशेब होतो तो कोयत्याचा. माणूस मोजावयाचा तो हत्याराच्या नावाने! मुलीने मोबाईल वर केला, तेव्हा मोळी बांधणाऱ्या एका बाईने पदर तोंडावर ओढला व ती म्हणाली, "असल्या अवतारात नको, बाई." मुलीने मोबाईल खाली केला. तिच्याबरोबरची मैत्रीण म्हणाली, लांबून काढ, तिला कळणार नाही. हिने काढले नाही. बाईने तिला सांगितले, काम नसेल त्या दिवशी ये. ती गेली. बाईने न्हाऊन लुगडे बदलले होते, जत्रेत घेतलेल्या बांगड्या घातल्या होत्या. धाकट्या मुलीस मांडीवर घेऊन ती कोपीपुढे ताठ बसली. कोयता? कोयता कोपीत ठेवला. तो चित्रात नको, असे तिनेच सांगितले.

माझे एक सहकारी परीक्षक म्हणाले, आणि ते जाणकार आहेत, की हे छायाचित्र विषयाला धरून नाही. हे रोजचे जीवन नव्हे. ही नटून बसलेली बाई आहे. कोयता नाही, ऊस नाही, घाम नाही. उजेडही डाव्या बाजूने जरा अधिकच पडला आहे. त्यांचे म्हणणे मी खोडून काढू शकलो नाही. मी छायाचित्र उलटे केले व त्यांच्यापुढे ठेवले. पाठीवर, आणि पाठ पुरली नाही म्हणून जोडलेल्या वहीच्या पानावर, बाईचे नाव होते, गाव होते, मुलीचे नाव होते, ती कितव्या हंगामास आली आहे ते होते. पहाटे किती वाजता उठते, पाणी कोठून आणते, मोठा मुलगा गावी कोणापाशी ठेवला आहे, आणि पदर का ओढला, हे तिच्याच शब्दांत होते. कोयता का नको याचेही उत्तर तिने दिले होते. ते सहकारी पान वाचून काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "उजेड खरेच अधिक पडला आहे," आणि त्यांनी पहिल्या क्रमांकावर सही केली.

त्या बाईचे नाव मी येथे उच्चारीत नाही. तिने ते पाठीवर लिहिण्यास संमती दिली आहे. सभेत मोठ्याने वाचण्याविषयी तिला कोणी विचारलेले नाही. छायाचित्राच्या दोन प्रती काढल्या होत्या. एक बाईस द्यावयाची होती. परंतु कारखान्याचा पट्टा पडला, टोळी गावी परतली, आणि ती प्रत पाकिटात घालून विद्यार्थिनीच्या दप्तरात राहिली आहे. पत्ता पानावर लिहिलेला असल्यामुळे आता ती टपालाने जाईल. नाव-गाव लिहिण्याचा हा एक साधा उपयोगही ध्यानात घ्यावा.

कोणी म्हणेल की एवढे खोलात कशास शिरावे? ज्यांनी असे काम मोठ्या प्रमाणावर केले त्यांचे उदाहरण देतो. जात्यावरच्या ओव्या आपल्या आयाआज्यांनी म्हटल्या. ओवी आपणां कॅथलिकांस परकी नाही. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली प्रसिद्ध झालेले ख्रिस्तपुराण सुमारे अकरा हजार ओव्यांतच रचले. पण पहाटे दळण दळणाऱ्या बाईची ओवी कोण लिहून ठेवतो? पुण्यातील हेमा राईरकर व गी प्वातव्हें या दोघा अभ्यासकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे वीस वर्षे गावोगाव हिंडून लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या. पुढे बेर्नार बेल यांच्या साह्याने ध्वनिमुद्रणेही झाली. आपल्या शिरूर तालुक्यातील सविंदणे गावच्या बायांचा आवाजही त्यांत आहे. चक्की आली, जाती अडगळीत पडली. दोघेही संग्राहक आज हयात नाहीत. ओव्या मात्र आहेत. आणि त्या कशा आहेत? प्रत्येक गाणाऱ्या बाईचे नाव, गाव, तालुका, जात, व्यवसाय, मुलेबाळे यांसह. 'एक ग्रामीण स्त्री' असे म्हणून त्यांनी तिला वाटेला लावले नाही.

२०१७ सालापासून हा ठेवा पत्रकार पी. साईनाथ यांच्या ग्रामीण भारताच्या संग्रहातून लोकांस उपलब्ध झाला आहे. तो संग्रह २०१४ साली सुरू झाला, आणि साध्या माणसांचे साधे जीवन हाच त्याचा विषय. त्यांनी चेहऱ्यांचाही एक उपक्रम चालविला आहे: देशातील प्रत्येक जिल्ह्यातील प्रत्येक तालुक्यातून निदान एक पुरुष, एक स्त्री व एक मूल यांचे छायाचित्र नाव-गाव-व्यवसायासह जमवावयाचे. विद्यार्थ्यांनी आपल्या परिसराविषयी लिहिलेलेही ते छापतात. मुलांनो, तुमच्यापैकी कोणास उमेद असेल तर दार उघडे आहे. पण पाठ कोरी घेऊन जाऊ नका.

आणखी एका छायाचित्राविषयी बोलतो, कारण ते बक्षिसाच्या अगदी जवळ येऊन घसरले. शिरूरच्या एका विद्यार्थ्याने जुन्या छावणीतील कर्नल विल्यम वॉलेस यांच्या कबरीचे चित्र पाठविले. चित्र स्वच्छ आहे. पाठीवर लिहिले आहे, 'इंग्रजांची जुनी कबर'. हा कर्नल १८०९ साली वारला. १८८५ च्या सरकारी गॅझेटिअरात असे लिहिले आहे की शिरूर व आसपासचे लोक त्यास सत्पुरुष मानीत, आणि सुगीच्या वेळी नव्या धान्याचा पहिला नैवेद्य त्याच्या कबरीपुढे आणून ठेवीत. म्हणजे परदेशी, परधर्मी सेनाधिकाऱ्याच्या दगडापुढे शेतकरी आपली पहिली ज्वारी ठेवीत होता! हे सारे त्या चित्रात कोठे दिसते? दगड तेवढा दिसतो. त्या विद्यार्थ्याने जवळच्या वस्तीतील एखाद्या म्हाताऱ्यास "बाबा, येथे पूर्वी काय करीत?" एवढे विचारले असते तर कदाचित आज बक्षीस त्याच्या हाती असते. पुढच्या वेळी विचार, बाळ. म्हातारा असेपर्यंत विचार.

आता थोडे व्यवहाराचे. मोबाईलमधील चित्र हे चित्र नव्हे. तो मोबाईलचा पाहुणा आहे. मोबाईल पाण्यात पडला की पाहुणा गेला. निवडक चित्रे कागदावर छापून घ्या. पाठीवर मऊ शिशाच्या पेन्सिलीने, काठाजवळ, हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूस उमटतो, शाई पाझरते. ओळीने बसलेल्या मंडळींची नावे डावीकडून उजवीकडे लिहा, आणि ज्याचे नाव ठाऊक नाही त्याची जागा रिकामी सोडा. अंदाजाने नाव ठोकून देऊ नका. चित्रातील माणसास एक प्रत अवश्य द्या. त्याने नको म्हटले तर नको. रात्रपाळीच्या वडिलांचे चित्र काढणाऱ्या मुलाने, वडील झोपेत होते, हे ध्यानात घेऊन ते उठल्यावर विचारले की नाही, हे मी त्यास आज खाजगीत विचारणार आहे.

फादरांनी असे कबूल केले आहे की या स्पर्धेतील सर्व छायाचित्रे, सूर्यास्तासह, एका पेटीत घालून नोंदवह्यांच्या कपाटात ठेविली जातील. वही आणि पेटी प्रथमच एका कपाटात येत आहेत.

बक्षिसे फादरांच्या हस्ते आता दिली जातील. त्यानंतर चहा आहे. परंतु चहाकडे जाण्यापूर्वी वडीलधाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे. ती जुनी तसबीर मागच्या दाराजवळील टेबलावर चौकटीतून काढून ठेविली आहे. शेजारी तिचीच मोठी केलेली प्रत आहे, तीवर प्रत्येक चेहऱ्यापुढे आकडा घातला आहे, आणि आकड्यांचा एक कागद आहे. चौथा, अकरावा व एकोणतिसावा या आकड्यांपुढे नावे मी लिहिली आहेत. दौंडच्या जुन्या रेल्वे चाळीतील ज्या आजीबाई आज गाडीत बसून आल्या आहेत त्यांना खुर्ची तेथेच मांडली आहे. दोन मुली लिहून घ्यावयास बसतील. पेन्सिली ठेविल्या आहेत, टोक करून.